ऑपेरा हाउसला पहिली मैफल ऐकायला जाताय?

शास्त्रीय संगीताची पहिलीच मैफल आणि तीही गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये, मस्तच! राजा पंचम जॉर्जने १९११ मध्ये उद्घाटन केलेली ही वास्तू १९९३ ला बंद पडली. नीट जीर्णोद्धार होऊन २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली. बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर इथे गाऊन गेलेत, हे आत शिरताना आठवा.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- लोकलने या. चर्नी रोडला उतरून चालत जाता येतं. गाडी आणलीत तर पार्किंग शोधण्यातच पहिला राग जाईल.
- अर्धा तास आधी पोहोचा. वरचा रंगवलेला घुमट, झुंबरं, बाल्कन्या डोळे भरून बघून घ्या. गाणं सुरू झालं की मान वर नको.
- पुढच्याच रांगेचा हट्ट धरू नका. मला स्वतःला वरच्या मजल्यावर, मधोमध बसून ऐकायला आवडतं.

नवखे हमखास चुकतात ते विलंबितात, म्हणजे सुरुवातीच्या संथ लयीच्या गाण्यात. दहा मिनिटांत काही घडत नाही असं वाटून चुळबुळ सुरू होते, मोबाइल बाहेर येतो आणि त्या उजेडाने मागच्या रांगेचाही रसभंग होतो. थोडं थांबा. तबल्याच्या ठेक्याकडे कान ठेवा, गायक फिरून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो ती जागा आपोआप कळू लागेल. तिथे दाद आली तर मोकळेपणाने द्या. उठायचंच असेल तर बंदिश, म्हणजे रागात बांधलेली रचना, संपल्यावर उठा.

रागाचं नाव ओळखता आलं नाही तरी चालेल, ते पुढे बघू. आणि पडदा उघडल्यावर तानपुरे जुळतात ते जरूर ऐका, त्या वेळी गप्पा नकोत.