वाचकांचे प्रश्न : मत्स्यालयातील जीवांना हात लावावा का?

प्रश्न : मी आणि माझे यजमान येत्या उन्हाळ्यात मुलीकडे अमेरिकेतील सॅन होजे येथे जाणार आहोत. सात वर्षांच्या नातवाने माँटेरीच्या मत्स्यालयाचा ध्यास घेतला आहे, कारण तेथील स्पर्शकुंडात पाकटाच्या (स्टिंगरे माशाच्या) पाठीवरून हात फिरवू देतात. मुक्या जीवांना कोंडायचे आणि वर दिवसभर हाताळायचे, हे यजमानांना पटत नाही. मला मात्र धास्ती आहे ती पाकटाच्या काट्याची. माझे माहेर हर्णैचे असल्यामुळे त्या काट्याने सुजलेले पाय मी लहानपणी पाहिलेले आहेत. आम्ही काय करावे? – एक आजी, ठाणे

उत्तर : आधी आपल्या धास्तीचे पाहू. पाकटाच्या शेपटीवरचा काटा हे त्याचे बचावाचे साधन आहे. अंगावर पाय पडला किंवा कोंडीत सापडल्यासारखे वाटले, तरच तो त्याचा वापर करतो. ऑस्ट्रेलियातील प्राणिविषयक दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे सादरकर्ते स्टीव्ह आयर्विन यांचा 2006 साली पाकटामुळे झालेला मृत्यू सर्वांना ठाऊक आहे, परंतु ती घटना खुल्या समुद्रात एका मोठ्या पाकटाच्या अगदी जवळ पोहत असताना घडली होती. माँटेरीच्या कुंडात ‘बॅट रे’ जातीचे पाकट असतात आणि त्यांचे काटे वेळोवेळी छाटलेले असतात. काटा नखाप्रमाणे पुन्हा वाढतो, म्हणून छाटणीही पुन्हा पुन्हा करावी लागते. नातवाने दोन बोटे सपाट ठेवून पंखावरून हलकेच फिरवावीत. शेपटी, डोळे आणि डोळ्यांमागची श्वासाची छिद्रे यांच्या वाटेला जाऊ नये. हाताला जो बुळबुळीतपणा लागेल, तो पाकटाचे जंतूंपासून रक्षण करणारा थर आहे. तो खरवडला जाऊ नये, यासाठीच बोटे सपाट ठेवायची.

आपल्या यजमानांचा आक्षेप इतक्या सहजपणे बाजूला सारता येणार नाही. आमच्या मते अशा ठिकाणी एकच गोष्ट बारकाईने पाहावी, ती म्हणजे स्पर्श नको असल्यास त्या जीवाला दूर जाता येते की नाही. पाकटाला ते जमते. कुंड पुरेसे मोठे असेल, तर तो काठाशी येतो, कंटाळला की मध्यभागी निघून जातो, आणि तेथे कोणाचा हात पोहोचत नाही. तारामाशाला ही सोय नाही. तो शेकडो नळीसारख्या पायांनी खडकाला चिकटलेला असतो. कोणी हौसेने ओढून उचलला, तर त्यांतील काही पाय तुटून खडकावरच राहतात. म्हणून त्याला पाण्याखाली, जागच्या जागीच स्पर्श करायचा असतो, आणि तसे होते की नाही यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारा माणूस कुंडापाशी असावा लागतो. आमच्या दृष्टीने मत्स्यालयाची खरी परीक्षा या माणसावरूनच होते. अमेरिकेचा प्राणी कल्याण कायदा मासे आणि अपृष्ठवंशी जीवांना लागू होत नाही. त्यामुळे कुंडातील जीवांची काळजी बव्हंशी संस्थेच्या शिस्तीवर आणि तेथील प्राणिसंग्रहालये व मत्स्यालयांच्या संघटनेच्या मान्यतेवर अवलंबून असते. माँटेरीला ती मान्यता आहे.

हे मत्स्यालय 1984 साली, सार्डिन मासे डबाबंद करणाऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर सुरू झाले. त्याच्या टाक्यांमध्ये समोरच्या उपसागराचेच पाणी खेळवलेले असते. दिवसा प्रेक्षकांना स्वच्छ दिसावे म्हणून ते गाळून घेतात आणि रात्री न गाळता सोडतात, त्यामुळे सागरी जीवांची सूक्ष्म पिल्ले आणि अन्नकण आपोआप आत येतात. सुमारे साडेआठ मीटर उंचीच्या टाकीतील केल्प या उंच समुद्री शैवालाचे जंगल त्याच पाण्यावर वाढते.

यजमानांना मात्र आवर्जून सांगण्याजोगी गोष्ट आहे ती समुद्री पाणमांजरांची. आईपासून दुरावलेली पिल्ले येथे आणून वाढवली जातात आणि शक्य असेल तेव्हा त्यांना पुन्हा समुद्रात सोडले जाते. अशा पिल्लाला माणसाची सवय लागली, तर समुद्रात गेल्यावरही ते माणसांच्या जवळ येईल आणि संकटात सापडेल. म्हणून कर्मचारी चेहरा झाकणारा मुखवटा आणि अंगभर काळा झगा घालूनच त्याच्याजवळ जातात, आणि पुढचे शिक्षण दत्तक आईसारखी वागणारी मोठी मादी देते. प्रेक्षकांना काचेतून दिसतात ती समुद्रात परत सोडता न येणारी पाणमांजरे. पाकटाला हात लावू देणारी संस्था पाणमांजराच्या पिल्लाला माणसाचा चेहराही दिसू देत नाही, हा विवेक आम्हांला महत्त्वाचा वाटतो. या कारणासाठी आपण निःशंकपणे जावे, असे आमचे मत आहे.

तिकिटे आधी काढून ठेवावीत आणि पाणमांजरांना खाऊ घालण्याच्या वेळा सकाळीच पाहून घ्याव्यात. हाताला क्रीम लावलेले असल्यास ते कुंडात हात घालण्यापूर्वी धुऊन टाकावे, आणि नंतर साबणाने हात धुवावेत. उन्हाळा असला तरी माँटेरीला धुके आणि गार वारा असतो, त्यामुळे स्वेटर जवळ असू द्यावा.

प्रश्न : आमच्या परदेश सहलीत डॉल्फिनसोबत पोहण्याचा कार्यक्रम आहे. हाही स्पर्शकुंडासारखाच प्रकार समजावा काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. डॉल्फिन समुद्रात एका दिवसात कितीतरी किलोमीटर अंतर कापतो, कळपात राहतो आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवरून आजूबाजूचा अंदाज घेतो. तलावात यांतील जवळजवळ काहीच शक्य होत नाही. तेथे त्याने पाहुण्याजवळ येणे हे बहुधा मासा मिळण्यावर बेतलेले शिक्षण असते, त्यामुळे दूर जाण्याची मोकळीक ही वर सांगितलेली कसोटी तेथे टिकत नाही. भारतात मे 2013 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनेरियमला, म्हणजे डॉल्फिन ठेवून त्यांचे खेळ दाखवणाऱ्या तलावांना, परवानगी न देण्याचे परिपत्रक काढले. त्याआधी 1998 साली चेन्नईजवळील एका उद्यानात आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच दगावले होते. हा कार्यक्रम वगळून सहल करता येते का, हे आपण आयोजकांना विचारावे.

प्रश्न : मुंबईच्या विद्यार्थ्यांना असा अनुभव कोठे देता येईल? – एक शिक्षिका, दादर

उत्तर : 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात 2015 च्या नूतनीकरणानंतर स्पर्शकुंडही होते, परंतु करोनाच्या काळापासून ते मत्स्यालय बंद आहे. हाजी अली किंवा जुहूच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी जाणकार माणसाबरोबर गेल्यास शंखातले खेकडे, समुद्रफुले आणि अनेक प्रकारच्या गोगलगायी पाहता येतात. भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे आणि पाणी चढू लागताच परतावे. मात्र येथे मुलांनी केवळ पाहावे, हात लावू नये. कोन शंखातील गोगलगायीचा दंश विषारी असतो, आणि पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारे ‘ब्लू बॉटल’ हे जेलीफिशसारखे जीव मेल्यासारखे दिसत असले, तरी त्यांचे निळे तंतू चांगलेच पोळतात. पाहण्यासाठी एखादा दगड उलटला, तर तो होता तसाच पुन्हा ठेवावा, कारण त्याच्या खालचे जीव ऊन सोसू शकत नाहीत.