मालिकेचं शीर्षकगीत रोज वाजतं, मग पैसे रोज मिळतात का?

तुमचे प्रश्न दोन आहेत : स्वतःची मराठी गाणी यूट्यूबवर टाकणाऱ्याला मालिकांच्या संगीतात शिरता येतं का, आणि शीर्षकगीत एकदा दिलं की ते रोज वाजल्याचे पैसे मिळत राहतात का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. निर्माता देतो ते एकरकमी मानधन. मालिका शंभर भाग चालो की हजार, आकडा तोच. प्रक्षेपणाची रॉयल्टी वेगळी, आणि ती आपोआप घरी येत नाही. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क सोडून देताच येत नाही. थिएटरमधलं प्रदर्शन वगळता बाकीच्या वापराची रॉयल्टी तुम्ही आणि हक्क घेणारा यांच्यात निम्मी-निम्मी. कायद्यातल्या चित्रपटाच्या व्याख्येत मालिकाही बसते. तरी करारात ‘रॉयल्टीसह सर्व हक्क’ अशी ओळ हमखास सापडते. रॉयल्टीपुरती ती रद्दबातल ठरते, पण सहीआधी खोडून घेतलेली बरी. नंतर खोडायला वकील लागतो. हक्कांची मुदत लिहिली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘जगभर, कायमस्वरूपी’ हे शब्द करारात का येतात, ते यावरून कळेल.

रॉयल्टीची वसुली करते आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी), 1969 पासूनची संस्था. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक तिचे सभासद होतात; गायकांची संस्था वेगळी. सभासद झालात की प्रत्येक गाणं वाट्याच्या टक्क्यांसकट नोंदवायचं. दुसरा कागद म्हणजे क्यू शीट : कुठल्या भागात कोणतं संगीत, किती सेकंद, शीर्षक म्हणून की पार्श्वसंगीत म्हणून, कुणाचं. हा निर्मितीसंस्थेकडून वाहिनीकडे जातो आणि बऱ्याचदा घाईत कुणीतरी असिस्टंट भरतो. घोळ इथेच होतात. नोंदणीत मालिकेचं नाव असतं आणि शीटवर नुसतं ‘टायटल ट्रॅक’. आडनावाचं स्पेलिंग जुळत नाही. गीतकाराने स्वतःचे 50 टक्के नोंदवलेले असतात आणि तुम्ही स्वतःचे 60. बेरीज शंभराच्या वर गेली की वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात. म्हणून गीतकाराबरोबरचे टक्के रेकॉर्डिंगआधीच ईमेलवर ठरवा, आणि पहिल्या भागाची क्यू शीट मागून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मागितली तर देतात. फक्त मागणारे थोडे.

आता शिरण्याबद्दल. संगीतकार अशोक पत्कींचा क्रम बघण्यासारखा आहे : भावगीतं, ढिगाने जिंगल (जाहिरातींची छोटी गाणी), 1988 चं ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ आणि मग 1999 मध्ये मंगेश कुळकर्णींच्या शब्दांवर ‘आभाळमाया’ मालिकेचं शीर्षकगीत. जिंगलमध्ये वीस-तीस सेकंदांत चाल बसवायची सवय लागते, आणि मालिकेला नेमकी तीच लागते. चार मिनिटांची गाणी करणारे इथे अडखळतात. त्यांचा मुखडाच पन्नासाव्या सेकंदाला येतो.

गणित आधी मांडा. लय 96 (मिनिटाला 96 मात्रा) ठेवली तर चार मात्रांचा एक बार अडीच सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला 24 बार. सुरुवातीच्या म्युझिकला 4, मुखड्याला 8, अंतऱ्याला 8, आणि शेवटच्या 4 बारमध्ये मुखड्याची ओळ फिरून मालिकेचं नाव लोगोवर पडलं पाहिजे. पुढे वाहिनी तीस सेकंदांची आवृत्ती मागते, ती 12 बारची. मग दहाची, ती 4 बारची. लय 100 घेतलीत तर तीस सेकंदांत साडेबारा बार येतात आणि एडिटर कात्री बरोबर ओळीच्या मध्ये लावतो. ही आकडेमोड चाल बांधण्याआधी करायची, कारण गायिकेचा आवाज लागल्यावर लय हलवली तर सगळं परत गावं लागतं.

शीर्षकगीताने नाव होतं, पण काम टिकतं थीमच्या बँकेवर. रोजच्या भागाला रोज नवं संगीत करायला वेळ कुणालाच नसतो. त्यामुळे सुरुवातीलाच नायिकेची, खलनायिकेची, देवघराची, विनोदी प्रसंगाची अशा चाली करून प्रत्येकीच्या संथ, तणावाच्या, एकाच वाद्याच्या आवृत्त्या द्यायच्या. सर्वांत उपयोगी आवृत्ती असते सुरावटच नसलेली, नुसत्या पॅडची (मागे धरून ठेवलेल्या लांब सुरांची) आणि तालाची. संवादाखाली बासरी किंवा व्हायोलिन सुरावट वाजवायला लागलं की ते बोलण्याच्याच पट्टीत घुसतं. मग मिक्सिंगवाला सगळा ट्रॅक खाली दाबतो आणि तुमचं काहीच ऐकू येत नाही. फाइलचं नाव एडिटरला रात्री दोन वाजता कळेल असं द्या : थीम, भाव, वाद्य, सेकंद. ‘फायनल नवीन 3’ ही फाइल कुणी उघडत नाही.

सगळं 48 किलोहर्ट्झ सॅम्पल रेट, 24 बिटमध्ये द्या, आणि आवाज, ताल, बाकीची वाद्यं यांचे स्टेम (स्वतंत्र ट्रॅक) वेगळे. गाण्यांच्या सवयीने 44.1 ची फाइल गेली आणि समोरच्या सिस्टिमने ती 48 समजून वाजवली, तर सूर चढतो नि लय पळते. आवाजाच्या पातळीचा आकडा वाहिनीच्या तांत्रिक कागदात असतो, तो मागून घ्या. यूट्यूबसाठी ठोकून मोठं केलेलं मिक्स तिथे चालत नाही, चक्क परत येतं.

मानधन बहुतेक वेळा पॅकेज असतं. गायक, वादक, स्टुडिओ, मिक्सिंग सगळं त्यातून. आधी हे खर्च मांडा, उरेल तो आकडा तुमचा. टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) मात्र पूर्ण मानधनावर 10 टक्के जातो, आणि वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. निम्मे पैसे आगाऊ घ्या, कारण उरलेले मालिका सुरू झाल्यावर महिनोन्‌महिने रेंगाळतात. बदल किती वेळा करून द्यायचे तेही लिहून ठेवा, नाहीतर प्रोमो शूट झाल्यावरसुद्धा ‘जरा वेगळं काहीतरी’ येत राहतं.

शीर्षकगीतासाठी दोन-तीन चाली ऐकवल्या जातात आणि एक पास होते. नापास झालेल्या चाली तुमच्याच राहतील, हे करारात घाला. घालू दिलं नाही, तर कोणती चाल कधी पाठवली आणि कोणती निवडली गेली त्याचा ईमेल त्याच दिवशी करा. ऐकवताना पूर्ण गाणं देऊ नका, मुखड्यापुरतं पुरे.