अँटीबॉडीचा रिपोर्ट आणि बाबांचा हात

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही सुदामानगरला राहतो. बाबा ६८ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. दिवाळीनंतर त्यांचा उजवा हात मधेच आखडायचा, तोंडही त्याच बाजूला ओढलं जायचं आणि क्षणात सगळं ठीक. सकाळी पोह्यांची बशी हातातून सुटली तेव्हा आम्ही म्हटलं, अशक्तपणा असेल. मग नावं विसरू लागले, मध्यरात्री उठून ऑफिसला निघायची तयारी करू लागले. सोडियम १२२ निघालं. डॉक्टरांनी रक्त आणि पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट यायच्या आधीच स्टेरॉइड सुरू केलं. पुढे रक्तात ‘एलजीआय-वन पॉझिटिव्ह’ आलं, पाण्यात निगेटिव्ह. आता बाबा पुष्कळ सुधारलेत. पण पुण्याच्या काकांच्या आग्रहावरून परत तपासणी केली, तर पुन्हा पॉझिटिव्हच. म्हणजे आजार तसाच आहे का? आधी दिलेलं औषध नुसत्या अंदाजाने दिलं होतं का? आणि आई (६३) हल्ली चष्मा, किल्ल्या विसरते. तिचीही हीच तपासणी करून घ्यावी का?
— एक मुलगी, इंदूर

उत्तर : ताई, पोह्यांच्या बशीची ओळ वाचली आणि माझं निम्मं निदान तिथेच झालं. हात आणि त्याच बाजूचा चेहरा, दोन-तीन सेकंद, दिवसातून कितीतरी वेळा. असा झटका दुसऱ्या आजारात सहसा दिसत नाही. त्यात उतारवय, उतरलेलं सोडियम आणि काही आठवड्यांत ढासळलेली स्मृती. हा मेंदूचा दाह : रोगाशी लढणाऱ्या शरीराच्याच अँटीबॉडी मेंदूतल्या प्रथिनावर उलटतात, बाबांच्या बाबतीत एलजीआय-वन नावाच्या प्रथिनावर. एवढं समोर असताना तुमच्या डॉक्टरांनी वाट पाहिली असती, तर मी त्यांना बोल लावला असता. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून मेंदूच्या अशा दाहासाठी निकष ठरवले, त्यात हेच आहे : लक्षणं, एमआरआय, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) आणि पाठीतलं पाणी यांवरून संशय पक्का होत असेल आणि दुसरी कारणं तपासून झाली असतील, तर अँटीबॉडीच्या रिपोर्टासाठी उपचार अडवून ठेवू नयेत. आपल्याकडे नमुना बाहेरगावी जातो, रिपोर्ट यायला दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत स्मृतीचं जे नुकसान होतं, ते सगळं भरून येईलच असं नाही.

मग रिपोर्टाचा उपयोग काय? उपयोग पुष्कळ. आजाराला नेमकं नाव मिळालं आणि पुढचा रस्ता ठरला. या झटक्यांना नुसत्या फिटच्या गोळ्या फारशा दाद देत नाहीत, स्टेरॉइड देतं. या प्रकारात शरीरात कुठे गाठ सापडण्याची शक्यता कमी असते, तरी छातीचा सीटी एकदा बघून घेतात. आजार उलटू शकतो, म्हणून स्टेरॉइड झटकन बंद न करता हळूहळू उतरवतात. नाव कळलं नसतं तर हे सगळं चाचपडत करावं लागलं असतं.

ही तपासणी होते कशी, तेही सांगते, म्हणजे तिचा आवाका कळेल. काचेच्या पट्टीवर बारीक बारीक चौकोन असतात. प्रत्येक चौकोनात प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी, आणि त्यांच्याकडून एकेक ठरावीक प्रथिन तयार करवून घेतलेलं : एकात एलजीआय-वन, दुसऱ्यात एनएमडीए रिसेप्टर हे मेंदूतलं आणखी एक प्रथिन, असे पाच-सहा. त्यावर रोग्याचं रक्तद्रव घालतात, धुतात, मग चमकणारा रंग लावतात. अँटीबॉडी चिकटली असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली तो चौकोन हिरवा उजळतो. उजळला की नाही, हे शेवटी कुणीतरी डोळ्यांनी बघून ठरवतं. लख्ख हिरवा असेल तर प्रश्न नाही. पण ‘फिकट पॉझिटिव्ह’ असं लिहून आलं की मी कागद बाजूला ठेवते आणि रोग्याला पुन्हा तपासते.

पाण्यात निगेटिव्ह आलं याचं नवल नाही. एलजीआय-वनची अँटीबॉडी रक्तात जास्त खात्रीने सापडते. एनएमडीएचं उलट, ती पाठीतल्या पाण्यात शोधावी. नुसतं रक्त पाठवलं तर काही रोगी निसटतात. म्हणून दोन्ही नमुने पाठवायचे, आणि आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते अँटीबॉडींचं औषध) द्यायची असेल तर रक्त त्याआधी काढायचं. आयव्हीआयजी हजारो दात्यांच्या रक्तापासून बनते. त्यांच्या अँटीबॉडी तुमच्या बाबांच्या नावावर लागायच्या!

आता काकांची तपासणी. बरं झाल्यावरही ही अँटीबॉडी रक्तात बराच काळ राहू शकते, आणि तिच्या प्रमाणावरून तब्येतीचा नीट अंदाज येत नाही. दर काही महिन्यांनी ती मोजण्यात पैसे जातात आणि घरादाराची झोप जाते. त्यापेक्षा बाबांच्या हाताकडे बघा. झटके परत दिसले, सोडियम पुन्हा घसरलं, गोंधळ वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मोबाइलवर झटक्याचा व्हिडिओ काढलात तर फारच उत्तम, कारण दवाखान्यात आमच्यासमोर तो नेमका येत नाही. काकांना माझा नमस्कार सांगा.

आईची ही तपासणी करू नका. समजा, चष्मा-किल्ल्या विसरणारी हजार माणसं आपण तपासली. त्यांतल्या एकालाच खरा आजार आहे, आणि तपासणी शंभरात एकदा उगाच पॉझिटिव्ह येते. म्हणजे अकरा पॉझिटिव्ह आले, त्यांतला एकच खरा. बाकी दहांच्या घरी रडारड आणि स्टेरॉइड. थायरॉइडच्या अँटीबॉडीचं तर विचारूच नका, त्या धडधाकट माणसांतही सर्रास सापडतात आणि मग मेंदूवर नसता आळ येतो. आईंचं बी-१२, थायरॉइड, झोप, कानांचं ऐकू येणं आणि मन बघून घ्या. गेलं वर्ष त्यांचंही नवऱ्याच्या आजारपणातच गेलंय. महिनाभरात झपाट्याने बदल झाला, फिट आली, तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : माझं राजवाड्याजवळ कपड्याचं दुकान आहे, वय ३९. सकाळी ठीक असतो. संध्याकाळी गिऱ्हाइकी वाढते तशी डावी पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात. ‘एसीएचआर अँटीबॉडी’ निगेटिव्ह आली. आता घरचे म्हणतात, टेन्शन आहे.
— एक दुकानदार, इंदूर

उत्तर : टेन्शनने पापणी अशी ठरावीक वेळेला पडत नाही, भाऊ. हे मायस्थेनियासारखं वाटतं, म्हणजे अँटीबॉडी नस आणि स्नायू यांच्या जोडावर उलटतात आणि स्नायू वापरला की थकतो. अंगभर पसरलेल्या मायस्थेनियात तुमची तपासलेली एसीएचआर अँटीबॉडी शंभरात साधारण ८५ जणांत सापडते, पण आजार नुसता डोळ्यांपुरता असेल तर जवळपास निम्म्याच रोग्यांत. तुमचा निगेटिव्ह रिपोर्ट त्या दुसऱ्या निम्म्यातला असू शकतो. न्यूरॉलॉजिस्टकडे संध्याकाळची वेळ घ्या, सकाळी ताजेतवाने जाऊन उपयोग नाही. ते मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फाची पिशवी धरतील. पापणी स्पष्ट वर आली तर तो पुरावा रिपोर्टाइतकाच बोलका. पुढे नस-स्नायूंची विद्युत तपासणी, ‘मस्क’ नावाची दुसरी अँटीबॉडी आणि छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ नाही ना, यासाठी सीटी. निदान होईपर्यंत सर्दी-तापासाठी केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका, काही अँटिबायोटिकांनी हा आजार बळावतो. आणि गिळताना ठसका लागू लागला, बोलता बोलता आवाज नाकातून येऊ लागला किंवा धाप लागली, तर दुकान तसंच सोडून हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : मुलगी २६ वर्षांची. दोन वर्षांत दोनदा दृष्टी गेली, एकदा पायातली ताकद गेली. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) सांगून त्यावरच्या इंटरफेरॉन औषधाची इंजेक्शनं सुरू आहेत, तरी अटॅक येतातच. अँटीबॉडी तपासणी कुणी सुचवली नाही. महाग आहे म्हणतात. करावी का?
— एक आई, ग्वाल्हेर

उत्तर : अवश्य करा, आणि लवकर. वर मी एका घरी तपासणी नको म्हटलं, इथे आग्रह धरते, कारण इथे रिपोर्टावर औषध बदलतं. २००४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये व्हँडा लेनन यांच्या गटाने एक अँटीबॉडी दाखवून दिली. ती ॲक्वापोरिन-४ या पाण्याची ने-आण करणाऱ्या प्रथिनावर हल्ला करते, असं पुढल्या वर्षी कळलं. त्यामुळे एमएससारखा दिसणारा एनएमओ हा डोळ्यांच्या नसांवर आणि मज्जारज्जूवर घाला घालणारा आजार वेगळा निघाला. एमएसची काही औषधं एनएमओमध्ये निरुपयोगी ठरतात, आणि इंटरफेरॉनने तर आजार वाढू शकतो. रक्ताचीच तपासणी पुरे, यासाठी पाठीतलं पाणी काढायची गरज नाही. मात्र वर सांगितली तशी पेशींवर केलेली तपासणी मागा, इलायझा ही दुसऱ्या पद्धतीची नको, आणि सोबत एमओजी नावाच्या दुसऱ्या अँटीबॉडीची तपासणीही सांगा. रिपोर्ट येईपर्यंत इंजेक्शन मनाने बंद करू नका. उद्याच तिच्या डॉक्टरांना फोन करा आणि दोन्ही वेळच्या डोळ्यांचे कागद, पाठीच्या कण्याचा एमआरआय असेल तर त्याची फिल्म, असं सगळं घेऊन जा. कण्यातल्या मज्जारज्जूवरचा डाग तीन मणक्यांइतका किंवा त्याहून लांब आहे का, हे त्यांना फिल्म दाखवून मुद्दाम विचारा.