अर्ली बर्डची ओळ आधी खोड

प्रिय,

किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे उभे करायच्या वेबसाइटवर, तू तुझ्या खेळाची मोहीम काढतेयस, तिचं एक्सेल शीट पाहिलं. खेळ छान जमलाय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. प्रश्न किमतीच्या पानाचा आहे. पहिल्या २०० बॅकरना, म्हणजे आगाऊ पैसे देणाऱ्यांना, २९ डॉलर आणि नंतरच्यांना ३९, असं तू लिहिलंयस. ती २९ ची 'अर्ली बर्ड', म्हणजे लवकर येणाऱ्यांच्या सवलतीची, ओळ आधी खोड.

त्या २०० जागा पहिल्या रात्रीत भरतील, आणि भरणारे बहुतेक तुझ्या ओळखीचेच असतील. ते ३९ लाही आलेच असते. म्हणजे २००० डॉलर हातचे गेले. चित्रकाराचं बिल भागलं असतं गं त्यात! दुसऱ्या दिवशी एखादा अनोळखी माणूस पानावर येतो, तर त्याला दिसतं '२९ डॉलर, संपले'. खेळ काय आहे हे वाचायच्या आधीच आपण उशिरा आलो आणि ते महागात पडलं असं त्याला वाटतं. शिवाय किकस्टार्टरवर मोहीम संपेपर्यंत प्लेज, म्हणजे पैसे द्यायचा दिलेला शब्द, मागे घेता येतं. मधूनच २९ ची एखादी जागा मोकळी होते आणि लोक तिच्यावर टपून बसतात. 'सायथ' हा बोर्डगेम बनवणारा जेमी स्टेगमायर अर्ली बर्डच्या विरोधात वर्षानुवर्षं उघडपणे लिहितोय, तेही वाच.

आता ३९ बरोबर आहे का? किकस्टार्टरचे ५ टक्के, पेमेंटचे ३ टक्के आणि वर २० सेंट, मिळून ३.३२ डॉलर गेले. बॉक्स अमेरिकेतल्या गोदामात पोचेपर्यंत तुला ९ डॉलरला पडतो. जहाजाचं भाडं आणि आयातशुल्क त्यात धरलंयस ना, ते पुन्हा बघ. नऊच्या पाचपट, म्हणजे ४५, ही दुकानातली किंमत ठेव. वितरक त्याच्या साधारण ४० टक्क्यांना, म्हणजे १८ ला माल उचलतो, तरी तुझे पैसे सुटतात. बॅकरला ३९ म्हणजे दुकानापेक्षा सहा डॉलर कमी. ही सवलत सगळ्यांना आहे आणि पुरेशी आहे. भारतातून किकस्टार्टरवर थेट मोहीम उघडता येत नाही म्हणून न्यू जर्सीच्या मावसभावाची कंपनी पुढे केलीयस, तर तिचा हिशेबनीस आणि कर यांचीही एक ओळ शीटमध्ये हवी.

शिपिंग किमतीत मिसळू नकोस. मोहीम संपल्यावर देशाप्रमाणे वेगळं घे. युरोपात १ जुलै २०२१ पासून स्वस्तातल्या पार्सललाही व्हॅट लागतो, आणि अमेरिकेचे नियम तर हल्ली कधी बदलतील सांगता येत नाही. तुझा बॉक्स ३०×३०×७ सेंटिमीटर आहे. कुरियरवाले हा गुणाकार ५००० ने भागून जागेच्या हिशेबाने वजन काढतात: १.२६ किलो. खरं वजन ९०० ग्रॅम, पण पैसे जे जास्त भरेल त्याचे लागतात. आत निम्मी हवाच आहे! ३०×२०×५ मध्ये सगळं बसवलंस तर ९०० ग्रॅमचेच पैसे जातील. मोठा बॉक्स फोटोत भारदस्त दिसतो हे मान्य, पण तो मोह आवर.

तरी लवकर येणाऱ्यांना काहीतरी द्यावंसं वाटतंच, आणि द्यावंही. तुझ्या खेळात ५२ पत्ते आहेत. पोकर साइजचा छपाईचा ताव बहुतेक ठिकाणी ५४ किंवा ५५ पत्त्यांचा असतो, म्हणजे दोन पत्ते जवळजवळ फुकटात छापून होतात. त्यातला एक पहिल्या ४८ तासांत येणाऱ्यांना दे. संख्येची मर्यादा नको, तासांची ठेव, म्हणजे रात्री झोपलेला ऑस्ट्रेलियावालाही सुटणार नाही. पण तो पत्ता फक्त वेगळ्या चित्राचा असू दे. नवी ताकद दिलीस तर नंतरच्यांचा खेळ अपुरा ठरतो आणि कमेंटमध्ये भांडणं लागतात. नियमपुस्तिकेत त्यांची नावं छाप, पाठीमागचं चित्र त्यांच्या मतांनी ठरव. कॉफीचे मग आणि टीशर्ट अजिबात नकोत. मापं गोळा करता करता जीव जाईल. साधा खेळ ३९ ला आणि लाकडी सोंगट्यांचा ५९ ला, दोन टिअर, म्हणजे किमतीचे दोन पर्याय, बास.

छोट्या बॉक्सचं कोटेशन १००० आणि १५०० नगांसाठी वेगवेगळं मागव. आलं की शीटसकट पाठव, मग मोहिमेचं लक्ष्य किती ठेवायचं ते बोलू.

तुझा,
काका