न चालवलेल्या मोटारसायकली : वाचकांचे प्रश्न

आजवर एकदाही चालवायला न मिळालेली, पण एक दिवस चालवायचीच आहे अशी मोटारसायकल कोणती, असे आम्ही मागील अंकात वाचकांना विचारले होते. ज्या पत्रांत गाडीच्या नावाबरोबर एखादा प्रश्नही होता, त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आपण इतरांना त्यांची स्वप्ने विचारता. आपल्याला स्वतःला चालवायला न मिळालेली आणि तरीही हवीशी वाटणारी मोटारसायकल कोणती, आणि ती चालवण्याची शक्यता आपल्याला कितपत वाटते?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : विन्सेंट ब्लॅक शॅडो. इंग्लंडमधील स्टीव्हनेज येथे १९४८ पासून १९५५ पर्यंत ही गाडी तयार होत होती आणि सर्व मिळून सतराशेपेक्षाही कमी गाड्या बनल्या. ९९८ सी.सी.चे व्ही-ट्विन इंजिन, ५५ अश्वशक्ती आणि ताशी १२५ मैल, म्हणजे सुमारे २०० किलोमीटरचा वेग, हे आकडे आजच्या तरुणाला फारसे मोठे वाटणार नाहीत. पण युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या आणि पेट्रोल शिधापत्रिकेवर घेणाऱ्या ब्रिटनमध्ये कोणा सामान्य ग्राहकाला दुकानातून असे यंत्र विकत मिळावे, ही गोष्ट विलक्षणच होती. याच घराण्यातील, शर्यतीसाठी सिद्ध केलेल्या एका गाडीवर रोली फ्री या अमेरिकन स्वाराने १३ सप्टेंबर १९४८ रोजी बोनव्हिलच्या मिठागरावर ताशी १५० मैलांची मर्यादा ओलांडली. वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून तो पोहण्याच्या चड्डीवर, गाडीच्या पाठीवर पालथा झोपून गेला होता. (हे वाचून कोणी प्रयोग करू नये.)

वेगापेक्षा मला तिच्या रचनेचे आकर्षण अधिक आहे. त्या काळातील इतर मोटारसायकलींत नळ्यांची चौकट असे आणि तिच्या पोटात इंजिन बसवलेले असे. फिलिप विन्सेंट आणि त्यांचे ऑस्ट्रेलियन अभियंता फिल अर्व्हिंग यांनी ती चौकट जवळजवळ काढूनच टाकली, इंजिनलाच गाडीचा कणा केले, आणि वरच्या बाजूस जी पोलादी पेटी उरली तिच्यात इंजिनचे ऑइल साठवले. पुढच्या चाकाला दोन आणि मागच्या चाकाला दोन असे चार ड्रम ब्रेक दिले. मागचे चाक पान्याशिवाय, हातानेच निघते. त्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची स्प्रॉकेट (साखळीची दातेरी चाके) बसवता येतात आणि साइडकार जोडायची असेल तर चाक काढून उलटे बसवले की काम भागते. रस्त्याच्या कडेला पावसात उभ्या असलेल्या माणसाचा इतका विचार करणारे कारखाने थोडेच असतात. क्लच मात्र लहरी आहे. लिव्हर हलका असूनही तो एकाएकी पकडतो, अशी ती चालवणाऱ्यांची जुनी तक्रार आहे, आणि खरे सांगायचे तर तोच क्षण स्वतःच्या हाताने अनुभवण्याची माझी इच्छा आहे.

राहिला शक्यतेचा प्रश्न. ब्लॅक शॅडोची शर्यतीसाठी बनवलेली बहीण, ब्लॅक लाइटनिंग, २०१८ मध्ये लास व्हेगासच्या एका लिलावात ९,२९,००० डॉलरना विकली गेली. ब्लॅक शॅडो त्या मानाने स्वस्त असली तरी माझ्या आवाक्यातील नाही. परंतु मालकीची इच्छा आणि स्वारीची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्वप्न पाहणाऱ्या माणसाने आपली इच्छा कोणती हे आधी ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मला दहा मैलांची स्वारी हवी आहे. गॅरेजमध्ये गाडी नको. विन्सेंट बाळगणाऱ्यांचा क्लब १९४८ पासून चालू आहे आणि त्यातील अनेक सदस्य आपल्या गाड्या काचेत न ठेवता रस्त्यावर आणतात. एखाद्याने विश्वास टाकलाच, तर आपल्याकडील जुन्या बुलेटवाल्याची बाजू थोडी भक्कम आहे, कारण विन्सेंटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो, आणि मद्रासच्या बुलेटने ही इंग्रजी पद्धत आपल्या पायांत कित्येक दशके मुरवली आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांना ऐंशीच्या दशकात राजदूत ३५० घ्यायची होती, पण घरच्यांनी घेऊ दिली नाही. आता ते पंचाहत्तरीला आले आहेत. त्यांच्यासाठी एखादी जुनी गाडी शोधावी असा विचार आहे. हाय टॉर्क घ्यावी की लो टॉर्क, आणि घेताना काय पाहावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या आजी-आजोबांचा विरोध अगदीच अनाठायी नव्हता, हे प्रथम नमूद करतो. यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्‌स कंपनीने १९८३ मध्ये फरिदाबादहून राजदूत ३५० या नावाने बाजारात आणली, तेव्हा ३५० सी.सी.ची बुलेट १८ अश्वशक्ती देत होती आणि ही ३४७ सी.सी.ची, दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक गाडी ३०.५. सहा गिअर होते. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे मात्र ड्रम आला, त्यामुळे धावण्यात काळाच्या पुढे आणि थांबण्यात मागे अशी तिची अवस्था झाली. त्यात लिटरला वीस-पंचवीस किलोमीटर. १९८५ मध्ये चार-स्ट्रोक हीरो होंडा आली आणि मध्यमवर्गाने आपला हिशोब तिच्याशी जुळवला. दशक संपता संपता राजदूत ३५० बंद पडली. बाजारात जी गाडी हरली, तीच पुढे स्वप्नात टिकली.

हाय टॉर्क ही सुरुवातीची, अधिक जपानी भाग असलेली आवृत्ती. नंतरच्या लो टॉर्कमध्ये पेट्रोल वाचवण्यासाठी ताकद २७ अश्वशक्तीपर्यंत उतरवली होती. केवळ ‘हाय टॉर्क’ या नावासाठी वाढीव पैसे मोजू नयेत असे मी सुचवीन. चाळीस वर्षांच्या गाडीत कारखान्यातून निघतानाच्या साडेतीन अश्वशक्तीचा फरक उरत नाही; मधल्या काळात तिच्यावर कोणाकोणाचे हात चालले, हेच उरते. पोर्ट (सिलिंडरमधील वायूच्या वाटा) कोरून मोठे केलेली, शर्यतीचे सायलेन्सर लावलेली गाडी कितीही सुरेख ओरडत असली तरी टाळावी.

तपासणी क्रँकच्या ऑइल सीलपासून सुरू करावी, कारण टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि तेथे गळती असेल तर कार्ब्युरेटर कितीही जुळवला तरी उपयोग होत नाही. उजव्या बाजूचे सील गेले असेल तर गिअरबॉक्सचे ऑइल सिलिंडरमध्ये ओढले जाते, धूर दाट होतो आणि ऑइलची पातळी गूढरीत्या कमी होत राहते. डाव्या बाजूचे गेले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनचे फेरे लवकर खाली येत नाहीत आणि एखाद्या लांब सरळ रस्त्यावर पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्येच अडकून बसतो. हा प्रकार भर वेगात झाला तर मागचे चाक जाम होते. म्हणून फिटरकडून क्रँककेसमध्ये थोडा दाब भरून तो टिकतो का हे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. इंजिनला ऑइल पुरवणाऱ्या ऑटोल्यूब पंपाची नळी रिकामी नाही ना, हेही पाहावे. आरसी बुकातील चेसिस आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून घ्यावेत आणि पंधरा वर्षांनंतरचे फेरनोंदणीचे सोपस्कार पूर्ण झालेले आहेत याची खात्री करावी.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी लिहितो. या गाडीला सेल्फ नाही. पंचाहत्तरीच्या गुडघ्यांनी किक मारणे शहाणपणाचे नाही, ते काम आपणच करावे. वडिलांना गाडी बाळगायची आहे की एकदा चालवायची आहे, हेही त्यांनाच विचारावे. केवळ चालवायची असेल, तर नाशिक, पुणे, मुंबई या पट्ट्यात आरडी जपणारी मंडळी भरपूर आहेत, आणि अशा वयाच्या माणसाला मोकळ्या मैदानावर चार फेऱ्या मारू न देणारा आरडीवाला मला अजून भेटलेला नाही.

प्रश्न : नवी जावा घेतली तर जुन्या जावाची हौस फिटेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. म्हैसूरची जावा, आणि पुढे त्याच कारखान्यातली येझदी, ही टू-स्ट्रोक होती. दुहेरी सायलेन्सरचा तो आवाज आणि किकचाच दांडा पुढे वळवून गिअरचा दांडा करण्याची ती खुबी २०१८ च्या चार-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात येणे शक्य नव्हते. नवी गाडी तिच्या स्वतःच्या गुणांवर आवडली तर जरूर घ्यावी. जुनीची हौस जुनीवरच फिटते, आणि म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला असला तरी सुटे भाग व ते जोडणारे हात आजही सापडतात.

प्रश्न : मी चोपन्न वर्षांची शिक्षिका असून तीस वर्षे स्कूटर चालवत आहे. बुलेटवरून कोकणातला सागरी रस्ता पालथा घालावा असे फार दिवसांपासून मनात आहे. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. घरी सगळे हसतात. हे वेड सोडून द्यावे का?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : मुळीच नाही, बाई. फ्लोरेन्स ब्लेंकिरॉन आणि थेरेसा वॉलक या दोन इंग्रज स्त्रिया डिसेंबर १९३४ मध्ये पँथर मोटारसायकलला साइडकार आणि मागे एक ट्रेलर जोडून लंडनहून निघाल्या आणि सहारा ओलांडून पुढच्या जुलैत केपटाउनला पोहोचल्या. त्यांच्यापुढे रत्नागिरी ते वेंगुर्ले म्हणजे घरचे अंगण आहे.

अडचण वयाची नाही, बैठकीच्या उंचीची आहे. बुलेट ३५० ची बैठक जमिनीपासून ८०५ मिलिमीटर असते, मीटिऑर ३५० ची ७६५. हे चार सेंटिमीटर कागदावर क्षुल्लक दिसतात; पण सुमारे १९० किलोची गाडी उतारावर, वाळू पसरलेल्या कडेला थांबवताना दोन्ही टाचा टेकतात की फक्त बोटे, हे त्यांवरच ठरते. म्हणून नावाचा आग्रह थोडा सैल करून दोन्ही गाड्यांवर दुकानात बसून पाहावे. आपला परवाना केवळ गिअर नसलेल्या दुचाकीचा असेल तर गिअरच्या गाडीसाठी वेगळी नोंद करून घ्यावी लागेल. सराव पावसाळा संपल्यावर सुरू करावा, आणि पहिला महिना गाडी चालवण्यापेक्षा ती ढकलणे, वळवणे आणि स्टँडवर लावणे यातच घालवावा, कारण नवशिक्यांची गाडी बहुधा उभी असतानाच पडते. मार्गावरील जंगलजेट्टी (वाहने खाडीपार नेणाऱ्या बोटी) चढउतारांना ओल्या असतात, तेथे पहिल्या सहलीत तरी कोणाची सोबत असू द्यावी. हसणाऱ्यांपैकी एखाद्याला मागे बसवता येईल.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त लीड्‌सला राहतो. आइल ऑफ मॅन बेटावरील टीटीचा (टूरिस्ट ट्रॉफी या मोटारसायकल शर्यतीचा) मार्ग एकदा स्वतः चालवावा, तोही योग्य त्या गाडीवर, अशी इच्छा आहे. आपण कोणती गाडी निवडाल?
— एक वाचक, लीड्‌स

उत्तर : डुकाटी ९०० एसएस. प्रसिद्ध इंग्रज शर्यतपटू माइक हेलवूड अकरा वर्षे टीटीपासून दूर राहिल्यानंतर १९७८ मध्ये परतला आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी अशाच जातीच्या डुकाटीवर टीटीतील फॉर्म्युला वन गटाची शर्यत जिंकला. या गाडीच्या इंजिनात व्हॉल्व्ह बंद करण्याचे काम स्प्रिंगवर न सोडता कॅमकडेच दिलेले असते. फाबिओ टालिओनी यांच्या या डेस्मो पद्धतीची देखभाल किचकट आणि खर्चिक आहे. भाड्याने अशी गाडी मिळणे कठीण. तेव्हा मधल्या आकाराची, आपल्या सवयीची गाडी नेली तरी मार्ग तोच राहतो.

तो मार्ग ३७.७३ मैलांचा, म्हणजे सुमारे ६१ किलोमीटरचा असून गावांतून, दगडी कुंपणांच्या मधून आणि मग स्नेफेल डोंगरावरून जातो. एरवी हे साधे सार्वजनिक रस्ते आहेत. डोंगरावरील काही भागावर वेगमर्यादा नाही, आणि नेमका तोच भाग अनोळखी पाहुण्यांना महागात पडतो, कारण तेथे धुके अचानक उतरते आणि वळणे शेवटपर्यंत उलगडत नाहीत. शर्यतीच्या पंधरवड्यात गर्दीबरोबर उत्साहही वाढलेला असतो. म्हणून पहिली फेरी त्या काळाबाहेर, एखाद्या सप्टेंबरमधल्या कामाच्या दिवशी, सकाळी करावी. आधी एकदा सावकाश फिरून पाहावे, रॅमसीला चहा घ्यावा आणि मग दुसरी फेरी. शर्यतीच्याच दिवसांत जायचे असेल तर हेशमहून सुटणाऱ्या बोटीवर मोटारसायकलसाठी जागा फार आधीपासून राखून ठेवावी लागते. राहण्याची सोय त्याहूनही आधी पाहावी.