सरकारी खात्यात विषारी रसायनांची माहिती प्रणाली सांभाळायचं काम कसं असतं? आयटीवाल्याला जमेल का?

जमेल. सर्व्हर, बॅकअप, लॉगिन हे तुम्हाला येतंच, त्यावर शब्द खर्च करत नाही. काम अडतं ते रिकाम्या रकान्यापाशी. तो रिकामा का आहे, हे कुणीच लिहून ठेवलेलं नसतं.

मी नाशिकचा, द्राक्षांच्या रेसिड्यू (फळात उरलेल्या फवारणीच्या औषधांच्या) तपासणीच्या आकड्यांत बरीच वर्षं काढली. आमच्या बागायतदारांना 2010 चा हंगाम अजून आठवतो. अपेडाची (केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी प्रणाली त्याआधीच सुरू झालेली होती. प्लॉट नोंदणी, पॅकहाऊस, प्रयोगशाळेचा अहवाल, सगळं त्यात. माल तपासून, कागद पक्के करून कंटेनर गेले आणि युरोपात अडकले. द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. वेलीची वाढ रोखायला ते इथे सर्रास वापरायचे, दुकानात सीसीसी किंवा लिहोसीन म्हणून मागायचे. आपल्या तपासणीच्या यादीत मात्र ते नव्हतंच. अहवाल खोटे नव्हते, संगणकही बंद पडला नव्हता. जे तपासायला सांगितलंच नव्हतं, ते अहवालात येणार कुठून?

म्हणून ‘तपासलं नाही’, ‘तपासलं पण सापडलं नाही’ आणि ‘सापडलं, पण मोजता येईल इतकं नाही’ या तीन गोष्टींना पहिल्या दिवसापासून वेगवेगळे कोड द्या. प्रयोगशाळा बीडीएल (शोधता येण्याच्या मर्यादेखाली) लिहिते, ऑपरेटर एक्सेलमध्ये शून्य टाकतो, पुढे कुणीतरी त्याची सरासरी काढतो आणि ती वरपर्यंत जाते. शिवाय ‘सापडलं नाही’च्या शेजारी त्या पद्धतीची मोजण्याची मर्यादाही हवी. ज्या औषधाला युरोपात स्वतंत्र एमआरएल (अवशेषाची कमाल मर्यादा) ठरलेला नाही, त्याला सहसा 0.01 मिलिग्रॅम प्रतिकिलो लागू होतो. तुमची पद्धत 0.05 च्या खाली मोजतच नसेल, तर तिथे तिच्या ‘सापडलं नाही’ला काडीची किंमत नाही.

आता रसायनाची ओळख. नावावर टेबल जोडू नका, कॅस नंबर (प्रत्येक रसायनाचा जागतिक ओळख क्रमांक) वापरा. पण त्यावरही डोळे झाकून विसंबू नका. क्लोरमेक्वाट क्लोराइडचा नंबर 999-81-5, नुसत्या क्लोरमेक्वाटचा 7003-89-6. आकडा क्लोराइडसकट पूर्ण क्षाराचा की नुसत्या क्लोरमेक्वाट आयनचा हे लिहिलं नाही, तर तोच नमुना सुमारे 29 टक्क्यांनी जास्त दिसू शकतो. इथे रसायनशास्त्रवाल्याला विचारायचं. विचारायला लाजू नका, त्यांनाही एसक्यूएल येत नसतं.

तुमची जागा कारखान्यांच्या साठ्याची असेल, तर गणित थोडं बदलतं. भोपाळनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली धोकादायक रसायनांचे 1989 चे नियम. त्यात रसायनागणिक टनांच्या दोन मर्यादा आहेत, खालची आणि वरची: अमोनियाला 60 आणि 600, क्लोरिनला 10 आणि 25. साठा त्या ओलांडतो तशा कारखान्याच्या जबाबदाऱ्या वाढतात. त्यामुळे किलो-टनाचा घोळ झाला, की तो कारखाना यादीतूनच गायब! नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतले कारखाने सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतात. द्राक्षांच्या शीतगृहात गारव्यासाठी भरलेला अमोनिया मात्र कुणाच्या पटकन लक्षात येत नाही.

परवान्यातला कमाल साठा आणि आज टाकीत असलेला साठा हे दोन रकाने कधीही एक करू नका, आणि दोन्हींपुढे तारीख हवी. रात्री मुंबई-आग्रा महामार्गावर टँकर उलटला, तर अग्निशमनवाल्याला टँकरवरचा यूएन नंबर (धोकादायक मालाच्या वाहतुकीचा क्रमांक) दिसतो, अमोनियासाठी 1005. तो टाकून शोधता आलं पाहिजे. तिथे कॅस नंबर मागणारी स्क्रीन त्याच्या काय कामाची?

एमएसडीएसच्या (रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकांच्या) स्कॅन पीडीएफचा ढीग तुमच्याकडे येणारच. सगळं टाइप करायच्या मागे लागू नका. आवृत्तीची तारीख, पुरवठादार आणि घटकांचे कॅस नंबर आधी काढा, बाकी मूळ कागद उघडून बघता येतं.

रुजू होण्याआधी एकच विचारा: आकडा दुरुस्त केला, की जुना आकडा, दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि कारण प्रणालीत राहतं का? ‘नाही’ म्हणाले, तर पहिलं काम तेच, आणि त्यासाठी साहेबांची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवा. नंतर ती मिळणं कठीण जातं.