वीणेचे पडदे आणि पहिला कार्यक्रम

प्रश्न : मुलगी ऑनलाइन सरस्वती वीणा शिकते. पुढच्या महिन्यात बंगळूरला गुरूंकडे विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे आणि वरचे दोन पडदे (तारांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बेसूर बोलताहेत. मिरजेत दुरुस्ती होईल का? वाजवावं काय?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, पडद्यांना घाईने कुणाचा हात लावू देऊ नका. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येतात. वीणेचे २४ पडदे मेण आणि कोळशाच्या पुडीच्या थरात रुतवलेले असतात. उन्हात तापलेल्या गाडीत वीणा राहिली की मेण मऊ होतं, पडदा कलतो. तुमच्याकडे बहुधा तेच झालंय. मिरजेचे सतारमेकर कसबी आहेत, खुंट्या-तारा बिनधास्त दाखवा. पण मेणाचं काम केलंय का, हे आधी विचारा. नसेल तर बंगळूरलाच, दोन दिवस आधी पोचून.

वाजवायला वर्णम्, म्हणजे कर्नाटक संगीतातली सुरुवातीला वाजवायची रचना, पुरे. मोठ्या कृतीचा (कर्नाटक संगीतातल्या मोठ्या रचनेचा) हट्ट बहुतेकदा आईबाबांचाच असतो! पहिल्या, संथ लयीत तार ओढून गमक (स्वराचं आंदोलन) नीट येतो का, एवढं ऐका. आणि उजवी करंगळी बघा : बाजूच्या तीन तालाच्या तारा तिनेच छेडायच्या, आणि घाबरलेली मुलं नेमकी तीच विसरतात.